तिसऱ्याचा तुंबा

१

बंदरात कोळसा रिकामा केला की सकाळी सातला आम्ही मोकळ्या वॅगन घेऊन परत खाणीकडे निघायचो. अडीचशे किलोमीटरची चाल, आणि सगळी पश्चिमेकडे, म्हणजे सगळी वाऱ्याच्या तोंडावर. भरलेली गाडी काय, वाराच ढकलत समुद्रापर्यंत आणून सोडतो. रिकामी गाडी वर नेणं हे खरं काम. आमचे रूळ जेमतेम पाऊण मीटर रुंद, आणि त्यावर जपानहून आलेलं वाफेच्या इंजिनाचं दहा चाकांचं धूड. नवखे लोक बघून हसायचे. वारा सुटला आणि शेवटच्या वॅगन एका बाजूने उचलायला लागल्या की त्यांचं हसू आपोआप बंद व्हायचं.

इंजिनात ड्रायव्हर मी आणि एक फायरमन. भट्टीच्या तोंडावर पत्र्याची एक फळी होती, तिच्यावर पाण्याची किटली कायम गरम. येर्बाशिवाय आमच्याकडे गाडी हलत नाही. छोट्या सुक्या तुंब्यात तो कडू पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचं आणि नळीने ओढायचं. एकच तुंबा, एकच नळी, पाळीपाळीने सगळे. ओतणारा नळीचं तोंड घेणाऱ्याकडे वळवून तुंबा देतो. घेणाऱ्याने तळाशी सुर्र आवाज येईपर्यंत प्यायचं आणि निमूटपणे परत द्यायचं. आभार मानायचे नाहीत. आभार मानले की त्याचा अर्थ, बस, माझं झालं, आता मला धरू नका. आणि आभार न मानता जो उठून गेला, तो परत येणार असं सगळे धरून चालतात. त्याची पाळी राखून ठेवायची असते.

हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो.

२

बाल्दोमेरो बार्रिया नऊ वर्षं माझा फायरमन होता. चिलोए बेटावरचा, बुटका, तोंडाची टकळी अखंड चालू. येर्बात वाळवलेली संत्र्याची साल टाकायची त्याला खोड होती.

"हे काय बायकांचं सरबत करून ठेवलंयस?" मी म्हणायचो.

"उस्ताद, तुमची जीभ कोळशाने जळलीय," तो म्हणायचा. "नाकाने प्या."

नवव्या वर्षी जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यात, एकशे त्रेचाळिसाव्या किलोमीटरच्या वळणावर मी मागे पाहिलं तर मधल्या एका वॅगनच्या चाकाशी धूर दिसला. आसाची तेलाची पेटी तापली होती. गाडी थांबवली. बाल्दोने नुकताच स्वतःच्या पाळीचा तुंबा भरला होता. तो त्याने फळीवर ठेवला, तेलाचा डबा उचलला आणि उतरता उतरता म्हणाला, "माझी पाळी आहे हां. हात लावाल तर याद राखा."

आमच्यात एक रीत होती. वारा फार असला की मागे काम करायला गेलेला माणूस इंजिनाकडे उलटा यायचा नाही. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तो छातीवर बसतो. त्यामुळे तो सरळ शेवटच्या डब्यात गार्डापाशी जाऊन बसायचा, शेगडीजवळ कॉफी प्यायचा आणि पुढच्या स्टेशनावर इंजिनात यायचा; तोवर कोळसा ड्रायव्हरने टाकायचा. गार्डाने हिरवं निशाण दाखवलं की आपण गाडी ओढायची.

हिरवं निशाण दिसलं. मी गाडी ओढली. थोड्या वेळाने फळीवरचा तुंबा दिसला, अजून कोमट होता. बाल्दो तिकडे कॉफी ढोसत असणार, मग हा वाया कशाला घालवायचा, म्हणून मी तो पिऊन टाकला.

चाळीस किलोमीटर पुढे पाणी भरायला थांबलो. गार्ड पेरेदा वाऱ्यात वाकत पुढे आला आणि म्हणाला, "बाल्दोला म्हणावं, माझी काडेपेटी परत दे."

"तूच सांग की. तुझ्याकडेच आहे तो."

"माझ्याकडे? मी त्याला इंजिनाकडे वळताना पाहिलं. म्हणून तर निशाण दाखवलं!"

मी त्याची गचांडी धरली. इंजिन सुटं करून उलटं पळवलं, पण बर्फ उडत होतं आणि हाताचा पंजा दिसत नव्हता. तिसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या मळ्यावरच्या एका गड्याला तो सापडला. रुळांपासून तीनशे पावलांवर, काटेरी झुडपाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसल्या जागी गोठलेला, तोंड रुळांकडे. तिकडे कशाला गेला असेल? आडोसा बघून लघवीला गेला असेल, आणि गाडी निघालेली ऐकून धावताना पडला असेल. मी आपली मनाची समजूत घालतो.

चौकशी झाली. कुणाचीच चूक नाही असं ठरलं. तुंब्याबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

३

पुढची सहा वर्षं मी इंजिनात येर्बा प्यायलो नाही. पोट बिघडतं अशी थाप मारायचो. फायरमन येत गेले, जात गेले. माझ्याबरोबर फार कुणी टिकत नसे, आणि त्याचा मला राग नव्हता.

मग सेगुंदो नाउएल्किन आला. हाही चिलोएचा, सव्वीस वर्षांचा, उंच, अबोल. पहिल्याच सकाळी त्याने किटली फळीवर ठेवली आणि पिशवीतून तुंबा काढला.

"मी घेत नाही," मी म्हटलं.

"उस्ताद, मला एकट्याला पिता येत नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "चोरी केल्यासारखं वाटतं."

मी तुंबा घेतला. सहा वर्षांनी तो कडूपणा घशाखाली उतरला आणि खरं सांगतो, मला रडू फुटणार होतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वाऱ्याला शिव्या घातल्या.

शंभरावा किलोमीटर मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. एक पाळी माझी, एक त्याची. पुढे कधीतरी लक्षात आलं की पाळी माझ्याकडे यायला उशीर होतोय. म्हणून मी नीट पाहिलं. सेगुंदोने मला दिला, मग स्वतः प्यायला, मग पुन्हा भरला आणि फळीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला करून. दोन फावडी कोळसा टाकला. मग तुंबा उचलला, भरला आणि माझ्यापुढे धरला.

"तो मधला कुणाचा?" मी विचारलं.

"कुठला मधला?"

"आत्ता फळीवर ठेवलास तो."

त्याने फळीकडे पाहिलं. आपण काय केलं याचा त्याला पत्ताच नव्हता. "सवय असेल, उस्ताद," तो म्हणाला. "घरी आम्ही तिघं भाऊ."

असेल. हाताला सवय लागते. मी स्वतः घरी जेवताना ब्रेक ओढल्यासारखा हात करतो असं माझी बायको ओर्तेन्सिया म्हणते. पण फळीवर ठेवलेला तुंबा भरलेला होता, आणि दोन फावड्यांनंतर त्याने त्यात पुन्हा पाणी ओतलं होतं. भरलेल्या तुंब्यात पाणी ओतता येत नाही.

४

इंजिन हलतं. ते असं हलतं की दातांच्या कवळ्या निसटतात. पाणी सांडत असणार, दुसरं काय?

दुसऱ्या फेरीला मी फळीवर वर्तमानपत्राची घडी टाकली. शंभराव्यापासून सुरू झालं. सेगुंदो भरायचा, कोपऱ्यात ठेवायचा, भट्टीकडे वळायचा. मी रेग्युलेटरवर, गाडी ओढायच्या वाफेच्या दांड्यावर, हात ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून तुंब्यावर नजर ठेवायचो. पण समोर रूळही बघावे लागतात. वळण आलं, मी समोर पाहिलं, आणि तेवढ्यात सुर्र असा आवाज ऐकू आला. तळाचा आवाज. फावड्याच्या खडखडाटात, वाऱ्यात, पिस्टनच्या धापांत तो ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी आला. घडी उचलून पाहिली तर कागद कोरडा होता. नळीला ओठ लावायची माझी हिंमत झाली नाही, बोट लावलं. ती गरम होती, पण भट्टीवर ठेवलेली नळी गरमच असणार.

पाणी भरायचं स्टेशन आलं की ते थांबायचं. पुढच्या चालीत एक पाळी माझी, एक त्याची, चोख.

सेगुंदोला काही बोललो नाही. बोलून करणार काय? हा फायरमन टिकावा अशी माझी फार इच्छा होती. आणि दुसरं कारण कबूल करायला लाज वाटते. पहिले काही दिवस मी फळीपासून अंग चोरून बसायचो, पण पुढे पुढे शंभरावा किलोमीटर आला की मी खिडकीची बाजू सोडून जरा आत सरकून बसायचो, फळीपर्यंत वाट मोकळी राहील अशा बेताने.

५

सेगुंदोची बायको इर्मा सहा महिन्यांची गरोदर होती. ऑगस्टात एकदा सकाळी ती कपड्यात बांधलेल्या गरम पुऱ्या घेऊन थेट यार्डात आली. नवऱ्याला कोळसा बघायला पाठवलं आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"उस्ताद, तुमच्याबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे."

"लोकांना कामं नाहीत."

"बरोबर बोलतात की चूक, ते मी विचारत नाही. मी त्याला तुमच्याबरोबर सोडतेय. जसा नेता तसा आणा. एवढंच."

मी टोपी काढली. म्हटलं, "मी त्याला सांगून ठेवलंय. मागे काम निघालं तर रांगत आला तरी चालेल, पण इंजिनातच यायचं. गार्डाकडे जायचं नाही."

"आणि तो ऐकतो?"

"माझं ऐकतो."

"मग माझ्यापेक्षा तुम्ही भाग्यवान," ती म्हणाली आणि वाऱ्यात पदर सावरावा तशी शाल सावरत निघून गेली.

त्या दिवशी गाडी सुटल्यावर सेगुंदोने मला विचारलं, "उस्ताद, येर्बात संत्र्याची साल तुम्ही टाकता का?"

"नाही."

"मग वास कसा येतो?"

"पुऱ्यांचा असेल," मी म्हटलं. पुऱ्या मेंढीच्या चरबीत तळलेल्या होत्या.

६

त्याच दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, लख्ख उन्हात, एकशे त्रेचाळिसाव्याच्या वळणावर मी मागे पाहिलं. नवव्या की दहाव्या वॅगनच्या चाकाशी धूर होता.

थांबायचं नाही असं मी ठरवलं. पुढे रेटू, जळू दे आस. पण आस मोडला तर वॅगन रुळांवरून जाते आणि पाठोपाठ सगळी गाडी. थांबलो.

सेगुंदोने तेलाचा डबा घेतला. मी त्याची बाही धरली. "इंजिनात यायचं."

"रांगत," तो हसून म्हणाला आणि उतरला.

दहा मिनिटं गेली. वारा वाढला. गाडी वळणावर आडवी उभी होती, आणि रिकाम्या वॅगन डुलायला लागल्या. त्यांची वाऱ्याकडची चाकं रुळांवरून बोटभर उचलत आणि पुन्हा आपटत होती. अशा वेळी उभं राहणं म्हणजे गाडी उलटण्याची वाट बघणं, एवढं तरी मला कळतं. पंधरा मिनिटं झाली. मागे हिरवं निशाण बाहेर आलं.

आता पेरेदा नव्हता, दुसरा गार्ड होता. निशाण एकदा दाखवलं, मग जोरजोरात हलवायला लागला. ओढा, म्हणत होता. गाडी हलवा. सेगुंदो दिसत नव्हता. एका अंगाला पाहिलं, दुसऱ्या अंगाला पाहिलं. फक्त धूळ आणि उडणारं बर्फ.

मनात म्हटलं, गेला असेल मागे. पोरगंच ते. वाऱ्यात उलटं चालवेना, गार्डाने हाक मारली, गेला असेल शेगडीपाशी. गार्ड काय उगीच निशाण दाखवतोय? आणि गाडी उलटली तर मागे बसलेला सेगुंदोही मरेल आणि गार्डही. सगळा हिशेब ओढ म्हणत होता. सहा वर्षांपूर्वीही हाच हिशेब केला होता. माझा हात रेग्युलेटरवर गेला.

फळीवर तुंबा होता. तो तिथे असायला हरकत नव्हती, पण सेगुंदोने उतरण्याआधी तो रिकामा करून किटलीवर उपडा घातला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तो सरळ होता, काठोकाठ भरलेला. वर फेस होता आणि वाफ येत होती. आणि नळीचं तोंड माझ्याकडे वळवलेलं होतं.

मी ओरडलो नाही. ओरडायचं असतं हे तेव्हा आठवलंच नाही. आपल्याकडे नळी वळवून कुणी तुंबा पुढे केला तर तो नाकारायचा नसतो. मी रेग्युलेटरवरचा हात काढला आणि तुंबा घेतला. घेताना तो मला किंचित जड लागला, पलीकडून कुणी लगेच न सोडल्यासारखा.

प्यायलो. संत्र्याची साल होती. तळापर्यंत प्यायलो, सुर्र आवाज झाला, आणि तो थांबल्यावर जी क्षणभर शांतता पडली तिच्यात दुसरा आवाज ऐकू आला. टण्. टण्. पत्र्याचा डबा लोखंडावर आपटल्याचा.

७

ड्रायव्हरने इंजिन सोडायचं नसतं. मी सोडलं.

सेगुंदो नवव्या वॅगनखाली होता. पेटीत तेल घालून झाल्यावर वाऱ्याच्या तडाख्याने वॅगन हलली, त्याची बाही ब्रेकच्या दांड्यात अडकली आणि दंडासकट आत ओढली गेली. एक पाय रुळावर होता. चाक त्याच्या गुडघ्यापासून वीतभर.

"ओढू नका, ओढू नका," तो पुटपुटत होता. मला बघून त्याने हातातला डबा सोडला.

चाकूने बाही कापली. हाड मोडलं होतं, पण हात जागेवर होता. गार्ड धावत आला आणि पांढराफटक पडला. तो म्हणाला, "मी याला इंजिनाकडे वळताना पाहिलं होतं!" मी त्याला सेगुंदोचा दुसरा हात धरायला सांगितलं. कधीकाळी हेच वाक्य ऐकून मी एका माणसाची गचांडी धरली होती.

आम्ही तिघं निघालो, वाऱ्याच्या तोंडावर, खरोखरच रांगत. मी पुढे. कोळशाच्या टाकीच्या बाजूने वर पाहिलं तर इंजिनाच्या उघड्या बाजूत फायरमनच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. वाऱ्याकडे पाठ करून. बुटकं अंग, कॉलर वर केलेली, टोपी कानांवर ओढलेली. उजवं कोपर हळूहळू वर जात होतं, किटली कलती करताना जातं तसं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं. मी डोळे पुसले, आणि पुन्हा पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं.

वर चढलो. इंजिन सोडून पाऊण तास झाला होता. तेवढ्या वेळात कुणी कोळसा टाकला नाही तर वाफेचा काटा कुठे जातो ते कोणत्याही फायरमनला विचारा. काटा सकाळी होता तिथेच होता. भट्टीत नवा कोळसा पसरलेला, मध्ये पातळ आणि कडांना जाड, बाल्दो पसरायचा तसा.

"कोणी टाकला?" सेगुंदोने कण्हत विचारलं.

"बस तू," मी म्हटलं आणि गाडी ओढली.

८

इर्माला मुलगी झाली. बारशाला मला पुढच्या रांगेत बसवलं. सेगुंदोचा हात आता वाकडा आहे, पण फावडं चालतं. त्या दिवशीबद्दल तो मला एवढंच म्हणाला, "उस्ताद, डबा आपटताना मला वाटलं होतं, कुणाला ऐकू जाणार?" बाकी आम्ही बोलत नाही.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. निरोपाला त्याने मला तो तुंबा दिला. महिन्याभराने भेटला तेव्हा म्हणाला, आता फेऱ्यांत एक पाळी माझी आणि एक नव्या ड्रायव्हरची, चोख. मधला कुणी नाही.

मला ते ठाऊक होतं. कारण निरोपाच्याच दिवशी घरी आल्या आल्या ओर्तेन्सियाने संध्याकाळी किटली ठेवली, मला दिला, स्वतः प्यायली, आणि तिसरा भरून खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे मी काय केलं?"

मी तिला सगळं सांगितलं, मी प्यायलेल्या त्या कोमट पाळीसकट. पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं. मग तिने उठून वाळत घातलेल्या संत्र्याच्या सालीचा तुकडा आणला आणि तुंब्यात टाकला.

तिला भीती वाटते. मलाही वाटते, खोटं का बोलू? खुर्चीच्या बाजूने सुर्र आवाज येतो तेव्हा आम्ही दोघं खिडकीबाहेर बघतो. कधी कधी ती वैतागून म्हणते, "अहो, एकदा आभार मानून मोकळे व्हा ना. तुम्ही उठलात की तोही उठेल."

उठेल, बरोबर आहे तिचं. आणि आभार मानायला माझ्याइतकं कारण कुणाला आहे? पण एकदा मी त्याला पाळीच्या मध्येच सोडून निघून गेलो होतो. पुन्हा आधी उठायचं माझ्याच्याने होत नाही.

तुंबा फिरत माझ्याकडे येतो. नळीचं तोंड माझ्याकडे असतं. मी तळापर्यंत पितो, परत देतो आणि गप्प बसतो.